फियाट ११०० साठी हाताने केलेलं सागवानी स्टेअरिंग: पहिलं उकललं, दुसरं करायला घेतलंय

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. सविस्तर लिहितो, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत यावर काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

गाडी वडिलांची, १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. इंजिन, पत्रा, वायरिंग सगळं एकेक करून मार्गी लागलं. राहिलं ते स्टेअरिंग. त्याच्या कड्यावरचं प्लास्टिक चार ठिकाणी तडकून आतली लोखंडी सळई दिसत होती. पावसाळ्यात गाडी चालवून उतरलं की तळव्यावर गंजाची रेघ उठायची. डाव्या हाताच्या जागी, घड्याळात दहा वाजतात तिथे, वडिलांच्या अंगठीने घासून प्लास्टिकला एक गुळगुळीत खळगा पडला होता. म्हणून ते चाक भंगारात काढायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. ते तसंच जपून ठेवलंय.

नवीन लाकडी करायचं ठरवलं. आमच्या गल्लीतले सुतार आबा आता सत्तरीच्या पुढचे आहेत. तरुणपणी बैलगाडीची चाकं करायचे. म्हणाले, “गोल करायला काय लागतंय, आयुष्यभर गोलच केलं की.” लाकूड मिळालं जुन्या वाड्याच्या तुळईचं, सागवान. पाडलेल्या वाड्याचं लाकूड विकणाऱ्याकडून वजनावर घेतलं. करवत लावली तेव्हा वरचा अर्धा इंच काळा पडलेला आणि आत तुपासारखा रंग. वासही अजून ताजा.

पहिल्या प्रयत्नात ५ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची तीन आऱ्यांची ताटली कापून घेतली, बाहेरून एक पातळ कडी ठेवून. तिच्या वर एक आणि खाली एक असे लाकडाचे दोन थर. प्रत्येक थरात आठ तुकडे, टोकं साडेबावीस अंशांत कापलेली. एपॉक्सीने चिकटवलं, कानशीने गोल केलं, वरून पॉलिश. चाक दिसायला इतकं देखणं झालं की मी आठवडाभर ते दिवाणखान्यात ठेवलं होतं.

फेब्रुवारीत बसवलं. एप्रिलमध्ये गाडी दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी हात लावला तर नखाला काहीतरी अडकलं. सांध्यावर केसाएवढी चीर. मे संपेपर्यंत आठपैकी पाच सांधे उकलले होते. एका जागी वरचा थर दाबला की किंचित हलायचा. त्याच दिवशी चाक उतरवलं.

त्यात भर म्हणजे बॉस. मधला लोखंडी तुकडा, जो स्टेअरिंगच्या दांड्यावर बसतो, तो एका कारखान्यात करून घेतला (नाव घेत नाही). भोक मध्यापासून जवळजवळ एक मिलिमीटर सरकलेलं. चाक फिरवलं की कडं डोळ्यांसमोर वर-खाली लचकायचं.

आता दुसरं करायला घेतोय. कुठे चुकलो ते स्पष्ट सांगा.

कुर्ल्याचा_जुना_मेकॅनिक

दादा, काम मनापासून केलंय ते दिसतंय, म्हणून सरळ बोलतो. लाकूड सोडा बाजूला. आधी बॉस. लाकूड फाटलं तर हाताला लागेल. पण बॉस सुटला तर स्टेअरिंग हातात आणि गाडी दुसरीकडे.

नवीन बॉस बनवत बसू नका. त्या दांड्यावरचे स्प्लाइनचे (उभ्या खाचांचे) दात बारीक असतात, साध्या कारखान्यात तसे कापून मिळत नाहीत. दुसरं एखादं मोडकं चाक शोधा, त्याचा मूळ लोखंडी मधला भाग कापून घ्या आणि त्यावर लोखंडी चकती टिग वेल्डिंगने चढवून घ्या. वेल्डिंग झाल्यावर लेथवर तोंड मारून (सपाट करून) घ्यायचं, आधी नाही. उष्णतेने चकती वाकते. घेताना दात मोजून घ्या, आणि हाताने दांड्यावर सरकवून बघा. डुगडुगलं तर परत द्या.

कुर्ल्यात सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे पूर्वी पद्मिनीची (तुमच्याच गाडीचं पुढचं नाव) चाकं ढिगाने पडलेली असत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यानंतर माल आटलाय. तरी विचारून बघतो.

आणि जुनं चाक काढताना पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. खालून हातोडीचा एक ठोकासुद्धा नको. तो धक्का सरळ खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला जातो. पुढची चाकं सरळ ठेवून दांड्यावर आणि बॉसवर पंचने एकेक खूण करा, मगच नट सोडा.

तोरिनो (पुणे)

फियाटला लाकडी स्टेअरिंग लावताय हे वाचून फार आनंद झाला, कारण या दोन गोष्टींचं नातं जुनं आहे.

लाकडी स्टेअरिंग म्हटलं की पहिलं नाव येतं एन्रिको नार्डी यांचं. फियाट जिथली त्याच तुरिन शहरात काम करणारा हा माणूस. १९४० मध्ये एन्झो फेरारींनी स्वतःचं नाव न लावता ‘ऑटो आव्हिओ ८१५’ नावाच्या दोन शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्यांतल्या एकीत त्या वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत नार्डी सहचालक होते. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. पण त्या गाड्यांचा पाया कोणता? फियाट ५०८ सी, म्हणजे १९३७ ची बलिला ११००. पुढे १९३९ पासून तिलाच नुसतं ‘११००’ म्हणू लागले. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जी ११०० झाली ती १९५३ च्या नव्या बांधणीची, पण नाव त्याच घराण्याचं.

नार्डींची लाकडी चाकं १९५० च्या दशकापासून गाजली. फेरारींसारख्या गाड्यांत ती दिसू लागली. रचना तुम्ही केलीत तीच: मधून ॲल्युमिनियमची ताटली, दोन्ही बाजूंनी लाकूड, आणि कड्यावर ओळीने रिव्हेटची डोकी. ती डोकी शोभेची वाटतात, पण त्यांचं काम लाकूड आणि धातू एकत्र धरून ठेवण्याचं. तुमच्या वर्णनात रिव्हेटचा उल्लेखच नाही. लावले नव्हते का?

अजून एक. बॉसवरची भोकं मापात ठेवा. नार्डीच्या चाकांना सहा बोल्ट, ७४ मिमीच्या वर्तुळावर. मोमो या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या चाकांना सहाच, पण ७० मिमीवर. यांपैकी एक माप धरलंत तर उद्या तयार चाकही त्याच बॉसवर बसेल.

पंचगंगाकाठ

@तोरिनो, रिव्हेट नव्हते. एपॉक्सी पुरेल असं वाटलं. ८१५ ची गोष्ट माहीत नव्हती, आबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

अनुजा_नाशिक

दादा, मी यंत्रांच्या आरेखनात काम करते. तुमचे सांधे का उकलले याचा साधा हिशेब मांडते.

ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. लाकूड रेषांच्या दिशेने फक्त ३ ते ५. तुमचं कडं ४०० मिमी व्यासाचं धरलं तर घेर झाला १२५७ मिमी. चिकटवलंत तेव्हा २५ अंश असतील आणि बंद गाडीत काचेमागे उन्हात ६५ झाले, तर फरक ४० अंशांचा. ताटलीची कडी घेरात १ मिलिमीटरहून थोडी जास्तच वाढते. लाकूड जेमतेम ०.२. आतून धातू बाहेर रेटतोय आणि लाकूड जागचं हलत नाही. मग ताण जातो सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे सांध्यावर.

त्यात खोलीच्या तापमानाला वाळलेलं साधं एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणजे ताण सगळ्यात जास्त असतो नेमकं तेव्हाच गोंद ढिला.

एक विचारते: वरच्या थराचे सांधे आणि खालच्या थराचे सांधे एकाखाली एक आले होते का?

पंचगंगाकाठ

हो. एकाखाली एकच. खालचा थर करताना वरच्याचाच साचा वापरला होता.

अनुजा_नाशिक

मग तीच मुख्य चूक. भिंत रचताना गवंडी विटेच्या सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसंच इथे. खालचा थर अर्ध्या तुकड्याने फिरवून बसवा, म्हणजे प्रत्येक सांध्याखाली अखंड लाकूड येईल.

आणि ताटलीला वाढायला जागा द्या. त्रिज्येत ती ०.२ मिमीसुद्धा वाढत नाही, पण खाचेत बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवा आणि तिथे लवचीक पॉलियुरेथेन भरा. एपॉक्सी फक्त लाकडाला लाकूड जोडायला. रिव्हेटसाठी ताटलीतली भोकं थोडी लांबट ठेवा, आऱ्यांच्या दिशेने, घेराच्या दिशेने नाही. मग ताटली आत-बाहेर श्वास घेईल, पण चाक वळवताना तसूभरही ढिलं लागणार नाही.

मूळ_तेच_खरं (मुंबई)

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडणं मला गरजेचं वाटतं. एवढ्या वर्षांची गाडी जशी होती तशीच ठेवावी. मूळ चाकाच्या चिरा ‘व्ही’ आकारात खोदून, सळईचा गंज पूर्ण काढून, एपॉक्सी पुटीने भरून, घासून रंगवता येतात. मी अशी तीन चाकं केली आहेत, अजून एकही चीर परत आलेली नाही. तुमच्या वडिलांचा खळगासुद्धा त्यात तसाच राखता आला असता.

दुसरं, कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. त्या यादीत स्टेअरिंगचं नाव नाही हे मान्य. पण तपासणीला जाताना मी तरी मूळ चाकच लावून जाईन.

आणि सुरक्षितता. या गाडीला आत दबणारा स्टेअरिंगचा दांडा नाही. अपघातात छाती थेट चाकावर. तिथे फुटणारं लाकूड असणं मला पटत नाही.

पंचगंगाकाठ

@मूळ_तेच_खरं, तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. तीन गोष्टी लिहितो.

मूळ चाक मी दुरुस्त करणार आहे, तुमच्याच पद्धतीने, पण खळगा आहे तो भाग सोडून. तपासणीला तेच लावून जाईन. हे तुमच्यामुळे ठरलं.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि म्हणूनच धातूची कडी पूर्ण घेरभर हवी. लाकूड फुटलं तरी तुकडे रिव्हेटवर लटकून राहतील, भाल्यासारखं टोक सुटून येणार नाही. नुसत्या लाकडाचं चाक, आत कडी नसलेलं, रस्त्यावरच्या गाडीला कुणी लावू नये असं माझंही मत झालंय. पुढच्या दोन्ही सीटना पट्टे बसवून घेतलेत.

राहिलं ते ‘मूळ रूप’. यावर आपलं एकमत होणार नाही. वडिलांच्या गाडीत माझ्या हातचंही काही असावं असं मला वाटतं, एवढंच.

काताळ (सावंतवाडी)

लाकडाबद्दल लिहितो, घरातच सुतारकाम आहे.

जुनं सागवान घेतलंत ते उत्तम. शंभर वर्षं पावसाळे सोसलेलं लाकूड आता फारसं फुगत-आकसत नाही. पण सागाच्या अंगात तेल असतं, ते गोंद धरू देत नाही. चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही तोंडं ॲसिटोनने पुसा, पांढऱ्या फडक्याला पिवळा डाग यायचा थांबेपर्यंत. मग पाव तासाच्या आत गोंद लावा. रात्री पुसून सकाळी चिकटवलंत तर तेल परत वर आलेलं असतं.

काळसर चाक हवं असेल तर शिसव. सागापेक्षा जड आणि कठीण, हाताला थंड. पण घासताना तोंडाला मास्क हवाच, त्याचा भुसा नाकाला आणि कातडीला फार झोंबतो. सागाचाही काहींना बाधतो.

आणि आठ तुकडेच ठेवा. चार केलेत तर काम लवकर होईल, पण प्रत्येक तुकड्याच्या टोकाला लाकडाच्या रेषा ४५ अंशांत तुटतात आणि तिथून तो बिस्किटासारखा मोडतो. आठमध्ये हा कोन साडेबावीसच्या वर जात नाही.

पंचगंगाकाठ

महिन्याने परत आलोय. दुसरं चाक तयार झालं. कसं केलं ते सांगतो.

लाकूड तेच, तुळईच्या उरलेल्या भागातलं. १७० मिमी लांब, ४५ रुंद, १५ जाड असे सोळा तुकडे, दोन जास्तीचे. आबा म्हणाले की बैलगाडीच्या चाकाचे तुकडे बाभळीचे असायचे आणि त्यांना गोंद लावतच नसत. वरून लोखंडी धाव (चाकाभोवतीची पट्टी) तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. ती आकसली की सगळे सांधे आवळले जायचे. “तिथं लोखंड बाहेरनं दाबतंय, तुझ्या ह्या चाकात आतनं ढकलतंय. उलटा खेळ आहे,” असं ते म्हणाले. अनुजाताईंचा अख्खा हिशेब त्यांनी एका वाक्यात सांगितला. मी त्यांना हिशेब दाखवलेला नव्हता.

टोकं कापण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. साडेबावीस अंशांत अर्ध्या अंशाची चूक झाली तर आठ तुकड्यांची सोळा तोंडं मिळून आठ अंशांची फट राहते. यंत्राने कापून झाल्यावर आबांनी प्रत्येक तोंड रंध्यावर घासलं. रंधा उलटा धरून, पातं वर, आणि तुकडा त्यावरून ओढायचा. दोन तोंडं जुळवून उजेडाकडे धरायची. मधून उजेडाचा दोरा दिसला की परत एक हात. अशी बत्तीस तोंडं, दोन दिवस.

एक थर आधी सपाट फळीवर, खाली प्लास्टिकचा कागद घालून चिकटवला. शिकंजे फार आवळले नाहीत. पहिल्या वेळी इतके आवळले होते की गोंद सगळा बाहेर आला आणि सांधा कोरडाच राहिला. दुसरा थर अर्ध्या तुकड्याने फिरवून. ताटलीसाठी खाच राउटरने, बाहेरून अर्धा मिलिमीटर सैल. वाळल्यावर चाक एक दिवस पत्र्याच्या छपराखाली उन्हाच्या झळेत ठेवलं, म्हणजे एपॉक्सी गरमीत पक्कं होऊन पुढच्या उन्हाला टिकेल.

मग रिव्हेट, चोवीस. मी तांब्याचे आणले होते, लाकडावर शोभतात म्हणून.

अनुजा_नाशिक

तांबं नको! ॲल्युमिनियमला तांबं टेकलं आणि घामाचं किंवा पावसाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी पूड सुटेल आणि भोकं मोठी होतील. ठोकले नसतील तर बदला.

पंचगंगाकाठ

ताई, चारच ठोकले होते. ड्रिलने काढले, ॲल्युमिनियमचे लावले. वेळेवर सांगितलंत, मनापासून आभार.

बॉस कुर्ल्याच्या काकांनी पाठवलेल्या मोडक्या चाकातून निघाला. दात मोजले, बरोबर जुळले. चकतीचं वेल्डिंग आणि नंतरचं तोंड उद्यमनगरात एका टर्नरने करून दिलं. डायल (लचक मोजायचं काट्याचं मापक) लावून बघितलं तर काटा जागचा हलेना. ताटली आणि बॉस बोल्टनेच जोडलेत, एम ५ चे सहा, ७४ मिमीच्या वर्तुळावर. ताटली ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची आहे, तिला वेल्डिंग केलं तर आच लागून तिथलं बळ जातं असं टर्नर म्हणाला.

व्यास मूळ चाकाएवढाच ठेवला. मुलगा म्हणत होता ३६० करू, स्पोर्टी दिसेल. पण ४०० चं ३६० केलं की वळवायला ११ टक्के जास्त जोर, आणि या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. शिवाय गिअरचा दांडा तिथेच. चाक खोल बसलं तर तिसऱ्यावरून चौथ्यात टाकताना बोटांची पेरं कड्याला आपटतात. पुठ्ठ्याचं चाक करून आधी ते बसवून बघितलं, फार उपयोग झाला.

हॉर्नसाठी मध्ये बटण. वायर बॉसमधून आणली, लाकडात कुठेच भोक पाडलं नाही.

काताळ

वरून काय लावलंत? चपडा लाखेचं पॉलिश असेल तर घामाने पांढरं पडेल.

पंचगंगाकाठ

पहिल्याला तेच झालं होतं. या वेळी जवसाचं तेल लावावं असा आबांचा आग्रह होता, पण त्याला ऊन सोसत नाही म्हणून शेवटी दोन भागांचं पॉलियुरेथेन, गाडीच्या रंगावर मारतात ते. पाच हात, दर दोन हातांच्या मधे ६०० नंबरचा पॉलिश पेपर. शेवटी चमक थोडी मारली, नाहीतर दुपारी काचेत प्रतिबिंब पडून डोळ्यांवर येतं.

जवसाच्या तेलावरून आठवलं. त्याची फडकी कुणी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कुर्ल्याचा_जुना_मेकॅनिक

चालवलीत का? नट कितपत आवळलात?

पंचगंगाकाठ

काका, नवीन नट, नवीन लॉक वॉशर, टॉर्क पाना लावूनच. शंभर किलोमीटरनंतर परत तपासला, सरकलेला नाही.

चालवायच्या आधी आबांनी एक गोष्ट केली ती लिहायलाच हवी. चाक दोरीने टांगलं आणि बोटाच्या पेराने कड्यावर गोल टिचक्या मारत गेले. टक, टक, टक. घड्याळात सात वाजतात तिथे आवाज बसका आला. परत मारली, परत तसाच. मला वरून काहीच दिसत नव्हतं. पातळ पातं घातलं तर दोन थरांमध्ये नखभर जागा गोंदाविना राहिलेली. बारीक भोकातून सुईने एपॉक्सी भरलं, दोन दिवस ठेवलं. परत टिचकी मारली तेव्हा तिथेही इतर ठिकाणासारखाच खणखणीत आवाज आला.

पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंत. आबा शेजारच्या सीटवर. वाघबीळ मागे टाकून चढ लागला तसं त्यांनी हात पुढे करून धावत्या गाडीत कड्याला बोट लावलं आणि म्हणाले, “गरम नाही झालं.” दुपारचे दोन वाजले होते.

मूळ_तेच_खरं

फोटो बघितला. काम सुरेख आहे, हे मोकळेपणाने सांगतो. मूळ चाकाची पुटी भरताना काही अडलं तर इथेच विचारा. आणि सळईवरचा गंज घालवल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा, रात्रभर तशी ठेवू नका.

पंचगंगाकाठ

नक्की. पुढच्या रविवारी ते चाक घेतोय. आणि या चाकाचे सगळे सांधे पावसाळा संपल्यावर टिचक्या मारून परत तपासायचे ठरलेत, आबांनी दसऱ्याचा दिवस दिलाय. काय आवाज येतो ते इथे लिहीन.